ओ देणारा पिंपळ

त्या प्रदेशात अन्न बेताचे होते आणि भीती मुबलक होती. बहुतेक पाखरांनी एकाच पिंपळावर वस्ती केली होती. पिंपळ इतका मोठा, की एका टोकाच्या पाखराला दुसऱ्या टोकाचे पाखरू जन्मात दिसत नसे. आवाज मात्र सगळ्यांचा सगळ्यांना येई. झाडाची व्यवस्था एका कोतवाल पक्ष्याकडे होती. काळाभोर, दुभंगलेल्या शेपटीचा, बोलायला गोड. झाड त्याने लावलेले नव्हते, पण नियम त्याचे होते.

खरे तर नियम एकच होता. जो ओरडेल त्याला किती जणांनी ओ दिली हे कोतवाल पाही, आणि ज्याला जास्त ओ मिळे त्याला एक फांदी वर बसवी. 'उंबर पिकलाय' असे कुणी ओरडले तर दहाबारा जण ओ देत. 'घार!' असे कुणी ओरडले की अख्खा पिंपळ ओ देई, 'घार! घार!' हळूहळू उंबराचे कुणी नावही काढीनासे झाले. घार असो नसो, उचलली जीभ लावली टाळ्याला. लपायला मात्र कुणीच जात नसे. ओ देता देता सवड कुणाला होती?

तिथे एक साळुंकी राहत होती. तिच्या तीन अंड्यांतून एकच पिल्लू जगले होते. ओरडण्यात ती तरबेज, त्यामुळे शेंड्यापासून तिसऱ्या फांदीवर तिचे घरटे होते. पण पिल्लू अंग धरत नव्हते. ती अळी घेऊन घरट्याशी पोचायची, तेवढ्यात कुठून तरी 'घार!' ऐकू यायचे. ओ देण्यासाठी चोच आपोआप उघडायची, अळी खाली पडायची आणि कोतवाल ती वरच्यावर झेलायचा. सगळ्यांचेच असे होत होते. आंधळे दळत होते आणि कुत्रे पीठ खात होते. तक्रार कुणाचीच नव्हती, कारण जो तो समजे की अळी आपल्या एकट्याचीच पडते.

एका दुपारी साळुंकीने मान वळवली आणि तिला दिसले ते असे: 'घार!' हा आवाज हुबेहूब साळुंकीचा होता, पण ज्या गळ्यातून तो निघाला तो गळा कोतवालाचा होता. तिने पिल्लाला चाचपले. पिल्लाच्या पिसांखालची हाडे चोचीला लागत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी, नुकत्याच उडू लागलेल्या त्या पिल्लाला घेऊन तिने पिंपळ सोडला.

"अगं, तिकडं तुझं ऐकायला आहे कोण?" शेजारीण म्हणाली. "मेलीस तरी आम्हाला कळायचं नाही." ती हे मायेनेच म्हणाली, आणि ते खरेही होते.

माळ ओलांडल्यावर एक बोरीचे झुडूप होते. काटेरी, ठेंगणे. त्यात सात सातभाई पक्षी राहत. त्यांची रीत निराळी होती. सहा जण खाली पाचोळा चिवडून खात आणि सातवा शेंड्यावर उपाशी बसून आभाळाकडे लक्ष ठेवी. मग पाळी बदले. त्यांच्यातली थोरली साळुंकीला म्हणाली, "राहा. वाटा मिळेल. पाळीही येईल." एवढेच.

पिल्लू भरू लागले. साळुंकी मात्र घाबरून गेली. तिने आपली हकीकत सांगितली, पिंपळ कसा सोडला ते सांगितले. सातभाईंनी मान कलती करून सगळे ऐकले आणि पुन्हा पाचोळा चिवडायला लागले. ओ कुणीच दिली नाही. दिवसभर पानांची सळसळ आणि पायांची खसखस. आपण पुसट होत चाललो आहोत, असे तिला वाटू लागले. ही भीती घारीच्या भीतीपेक्षा वाईट होती, कारण हिच्यापासून लपायला जागा नव्हती.

"आई, इथं ओ का देत नाहीत?" पिल्लू विचारायचे. "मी आहे ना इथं?"

चौथ्या दिवशी साळुंकीची पाळी आली. खाली सात पाठी. एकानेही वर पाहिले नाही. तिच्या डोळ्यांवर त्यांनी आपला जीव सोपवला होता, पण तिला दिसल्या त्या फक्त पाठी. आभाळ मोकळे होते. तरी ती ओरडली, "घार!"

तिने ओ येण्याची वाट पाहिली. आली नाही. पापणी लवायच्या आत खालची जमीन रिकामी झाली. बाहेर आले ते एकटे तिचे पिल्लू. अगदी टोकाच्या डहाळीवर बसून, छाती फुगवून ते ओरडत होते, "घार! घार!"

बऱ्याच वेळाने सातभाई बाहेर आले. घाईत काटा लागून एकाचा पंख फाटला होता.

"कुठनं आली होती?" थोरलीने विचारले.

"माझी नजर चुकली."

थोरलीने फाटक्या पंखाकडे पाहिले, मग पिल्लाकडे. "नजर चुकते बाई कुणाचीही. पण तुझं लेकरू बाहेर का आलं? लपायचं शिकवलं नाहीस त्याला?"

त्या दिवसापासून साळुंकीच्या घशाखाली घास उतरेना. ती पिल्लाला शिकवू लागली.

"घार म्हटलं की आत शिरायचं."

"आणि ओ कोण देणार?"

"कुणी नाही."

"मग ओरडायचंच कशाला?"

ती त्याला चोचीने ढकलून काट्यांत घाली. ते दुसऱ्या क्षणी बाहेर. ओरडताना ते किती खूश असे! तिला ते बघवत नव्हते. ती तरी काय सांगणार? तिने स्वतः आजवर घारीपासून लपून पाहिले नव्हते.

नवव्या दिवशी, ऊन चढत असताना, पाळीवर तोच फाटक्या पंखाचा सातभाई होता. तो एकदाच ओरडला, हळू. पाचोळा स्तब्ध झाला. साळुंकीला कळायच्या आत तिचे अंग काट्यांत शिरले होते; तेवढे ती शिकली होती. तिने शेजारी पाहिले. पिल्लू नव्हते.

ते टोकाच्या डहाळीवर होते. माळावरून एक सावली पंख न हलवता सरकत येत होती.

"घार! घार!" पिल्लू ओरडले आणि त्याने चहूकडे पाहिले. कुणी ओ दिली नाही. ते पुन्हा ओरडले. या वेळी आवाज जरा चिरकला. काट्यांच्या आतून साळुंकीने जिवाच्या आकांताने चोच उघडली. तिला 'आत ये' म्हणायचे होते. पण जन्मभर जे निघत आले होते तेच तिच्या गळ्यातून निघाले, "घार! घार!"

पिल्लाचे डोळे चमकले. इतक्या दिवसांनी कुणीतरी ओ दिली होती. त्याने पंख सावरले, छाती फुगवली आणि उडी मारून ते एक फांदी वर जाऊन बसले.