केरोबाने माझा घाणा फिरवला

एका गावात एक भोळा होता. गाव उंबरखोल, म्हणजे आमचंच. भोळ्याचं नाव केरोबा. आणि त्या भोळ्याला कारभारी नेमणारे शहाणे, म्हणजे आम्ही. मी हैबती, गावचा तेली.

झालं काय, राजाच्या मनात आलं की गावचे धंदे गावात टिकले पाहिजेत. दरबाराने गावोगाव भांडवलाची पेटी दिली. त्यातून धंदेवाल्याला भांडवल मिळणार. कर्ज नाही बरं का! दरबार धंद्यात भागीदार. नफा झाला की दरबाराचा वाटा पेटीत परत, आणि त्यातून पुढच्याची सोय. अट एकच. दिवाळीच्या तोंडावर दिवाणजी बघायला येणार. पेटीच्या पैशावर गावात एकही धंदा चालताना दिसला नाही, तर पेटी शेजारच्या गावाला.

पेटीवर माणूस कोण बसवायचा? आम्ही एकमेकांकडे बघितलं आणि सगळ्यांना एकदम पटलं, की आपल्यापैकी कोणी नको. केरोबा खोटं बोलत नसे, पैशाला शिवत नसे, आणि सांगितलेलं तंतोतंत करी. आणखी काय पाहिजे?

माझा जीव त्या पेटीत अडकला होता. घाण्याचा बैल म्हातारा होऊन गेला आणि घाणा उभा राहिला. तेल्याच्या घरात दुसऱ्याकडून आणलेलं तेल! माझी कारभारीण काही बोलायची नाही, पण दिवा लावताना माझ्याकडे बघायची. मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आणि माझी पाळी शेवटची.

पेटी देताना दिवाणजी केरोबाला म्हणाले होते, "पैसा देऊन विसरायचं नाही. आत काय चाललंय ते सारखं बघत जा."

पहिलं भांडवल शिदू कुंभाराला मिळालं. त्याने मडकी घडवली, आवा रचला, पेटवला. केरोबा आला. आवा उकरून आत बघितलं. घटकाभराने पुन्हा उकरलं, पुन्हा बघितलं. वारा लागून मडकी ताडताड तडकली.

"अरे गाढवा!" शिदू कपाळ बडवत म्हणाला. "झाकलेलं झाकूनच ठेवावं. कोणाला हात लावू देऊ नये."

"बरं," केरोबा म्हणाला.

मग भांडवल गेलं सयाजीतात्यांच्या गुऱ्हाळाला. काहिलीत रस उकळत होता. केरोबाने वर ताट्या टाकल्या, काठी घेऊन आडवा उभा राहिला, आणि तात्यांना काही जवळ येऊ देईना. रस करपला. गूळ असा झाला, की माशासुद्धा बसेनात.

"अरे शहाण्या!" तात्या ओरडले. "सारखं ढवळत राहावं. वर येईल ते काढून टाकावं."

"बरं," केरोबा म्हणाला.

मग पारूबाई गवळणीने पेटीतून म्हैस घेतली. तिने संध्याकाळी दूध तापवून विरजण लावलं आणि ती झोपायला गेली. केरोबा सकाळपर्यंत ढवळत बसला. वर साय आली की काढायचा आणि उकिरड्यावर टाकायचा. गावची कुत्री तेवढी गुटगुटीत झाली.

"अरे मुडद्या!" पारूबाई म्हणाली. "उबेत गुंडाळून ठेवायचं असतं. सकाळपर्यंत हलवायचं नसतं!"

"बरं," केरोबा म्हणाला.

आम्ही शहाणे पारावर बसून पोट धरधरून हसलो. मी सगळ्यांत जास्त हसलो. कारण मला कळलं होतं ना, की चूक त्याची नाही, सांगणाऱ्यांची आहे. नीट सांगायला डोकं लागतं, आणि ते माझ्याकडे होतं.

पेटीच्या तळाशी उरलं होतं, त्यात एक बैल आला. केरोबाने तो संध्याकाळी माझ्याकडे आणला. दुसऱ्या दिवशी सकाळी दिवाणजी यायचे होते, म्हणून मी रात्रीच घाण्यात करडई भरून ठेवली. पहाटे जाऊन बघतो, तर बैल घाण्यापाशी बसवलेला, अंगावर आमची गोधडी, आणि केरोबा तोंडावर बोट ठेवून उभा.

"हलवू नका दादा. अजून लागला नसेल."

"अरे, बैल आहे तो, दही नव्हे!" मी म्हणालो. पण मला घाई होती. पागोटं बांधायचं होतं, दिवाणजींपुढचं भाषण पाठ करायचं होतं. मी घरात पळालो.

पुढचं मला मागाहून कळलं. बैल कंटाळून उठला आणि ओढ्यावर गेला. तेवढ्यात दिवाणजी मागच्या वाटेने एकटेच चालत आले. दमले होते. घाण्यापाशी टेकले. गारठा होता, म्हणून गोधडी अंगावर ओढली आणि बसल्या बसल्या पेंगले. मी घरातून भिंतीपलीकडे ओरडलो:

"केरोबा! गोधडीत बसलाय ना, त्याला उठव. झापडं बांध, जू ठेव आणि फिरव!"

"दादा, तो नको म्हणतोय."

"पहिल्या दिवशी सगळेच नको म्हणतात. लक्ष देऊ नकोस."

"फार रागावलाय."

"गूळ दे."

"खाल्ला. तरी रागावलाय."

"मग पाठीवर थाप मार आणि हाक! मी सांगेपर्यंत थांबवू नकोस."

केरोबाच्या अंगात ताकद म्हणाल तर रेड्याची. घाणा करकरायला लागला. काय सांगू, माझे डोळे भरून आले! मी आरतीचं ताट घेऊन वेशीवर गेलो. तिथे कोणी नाही. परत आलो, तर घाण्याभोवती सगळं गाव जमलेलं.

अंगरख्याची जरी बघून मी ओळखलं. धावत जाऊन झापडं सोडायला हवी होती की नाही? पण खाली बघितलं, तर करडईच्या तेलाची धार लागलेली आणि भांडं नाही. इतक्या महिन्यांनी तेल! मी आधी भांडं लावलं, आणि तोंडातून निघून गेलं, "एवढी करडई गाळून होऊ दे रे."

झापडांच्या आतून आवाज आला, "हा मालक का?"

पेटी दुपारीच शेजारच्या गावाला गेली. वर बैलही गेला. गाव केरोबावर तुटून पडणार, तोच तो म्हणाला, "दादा म्हणाले, मी सांगेपर्यंत थांबवू नकोस. दादांनी सांगितलंच नाही." सगळे माझ्याकडे वळले.

मी भांडं उचललं आणि घरात गेलो. कारभारीण सकाळपासून पुरणात गुंतलेली, तिला बाहेरचा पत्ताच नव्हता. तेल बघून तिचा चेहरा किती दिवसांनी फुलला. बोट बुडवून तिने वास घेतला.

"बाई, काय सुरेख उतरलंय! बैल गुणी आहे हो. उद्या पहाटेच जुंपा."

"उद्या जमायचं नाही," मी म्हणालो. "उद्या त्याला दरबारात बसायचंय."