भिवराचा ठोका

एकदा काय झालं... गावाचं नाव काही केल्या आठवत नाही. नदीकाठी होतं, बहुतेक. तिथं तांबटांची आळी होती, एवढं मात्र नक्की.

त्या आळीत तुळाजी तांबट आणि त्याची बायको भिवरा राहायचे. दोघं मिळून एकच हंडा मठारायचे. म्हणजे काय, तर हातोडीनं ठोकून ठोकून तांबं घट्ट करायचे. एक ठोका त्याचा, एक तिचा. ठण्ण-टिंग, ठण्ण-टिंग.

मग एक दिवस आळीला आग लागली. भिवरा नदीवर धुणं धूत होती बरं का. पण कुणीतरी ओरडलं, "तुळाजी, बायको आत राहिली रे!" आणि डोळ्यांदेखत छप्पर कोसळलं. तुळाजी हातोडीसकट मटकन खाली बसला.

तेवढ्यात एक करडा बगळा आला. म्हणाला, "फार जड झालं का रे? दे, मी नेतो." त्याचं दुःख चोचीत धरून बगळा उडाला. मग तुळाजी उठला आणि पाय नेतील तिकडे चालू लागला.

भिवरा परत आली, तर घराची राख. लोक म्हणाले, "गेला गं तो." तिनं राख चाळली. म्हणाली, "त्याची हातोडी नाही यात. म्हणजे तो आहे." मग आपल्या हातोडीला नवा दांडा बसवला, ती कमरेला खोचली आणि निघाली.

चालली, चालली. मग एका परक्या गावात तिला ऐकू आलं, ठण्ण. मग शांतता. मग ठण्ण. लोक हसत होते, "एक ठोका मारतो नि थांबतो! हा हंडा नातवंडांनाच मिळायचा!"

तुळाजीच तो! भिवरा धावली. "अहो, मी आले!"

"कोण आपण, बाई? मी कोण, तेच मला ठाऊक नाही."

मग तिनं त्याच्या आवडीचं कुळथाचं पिठलं केलं. त्यानं चाटूनपुसून खाल्लं आणि परक्यासारखं म्हणाला, "छान झालंय हो."

छपरावर तोच करडा बगळा अपराध्यासारखी मान खाली घालून बसला होता. भिवरा कडाडली, "मेल्या, काय केलंस हे?"

बगळा ओशाळला. "मी दुःख तेवढंच उचललं, भिवराबाई. पण त्याला तू चिकटलेली होतीस. तुझ्यामागून सगळंच आलं, त्याचं नावसुद्धा. परत देतो, पण त्यात ती आगही आहे. पेलवेल त्याला?"

"एकट्याला नाही पेलायची," भिवरा म्हणाली. "थांब जरा."

मग तिनं कमरेची हातोडी काढली. त्याच्यासमोर जाऊन बसली. त्यानं ठोका मारला, ठण्ण. थांबला. त्या रिकाम्या जागेत तिनं हातोडी टाकली, टिंग.

तुळाजीनं चमकून वर पाहिलं. पण तो ठोकत राहिला. ठण्ण-टिंग, ठण्ण-टिंग. छपरावर बगळ्यानं हळूच चोच उघडली.

तुळाजी हंबरडा फोडून रडला. भिवरानं ठोका चुकवला नाही.

"अगं, तू आत होतीस ना?"

"नदीवर होते. धुणं वाळत घालायचं राहिलंय अजून."

मग दोघांनी हंडा पुरा केला आणि तिथंच सुखानं राहिले. तुम्हीही मिटा डोळे आता.

हंडा खरा का? मलाही शंका होती. पुष्कळ वर्षांनी त्या परक्या गावच्या देवळात तो सापडला. चष्म्यावर विश्वास नव्हता, म्हणून हात फिरवून पाहिला. तळाशी ठोक्यांचे खळगे विरळ आहेत. मधोमध एकाएकी दाट होतात. एक खोल, एक उथळ, थेट काठापर्यंत.