सातव्या दिवशी गप्प होणारा तारा

डोंगरउतारावरच्या एका विद्यापीठात आकाशाला कान लावून बसणारी एक संशोधक होती. तिचं नाव डॉ. हेमलता सोनवणे. तारे नुसते चमकत नाहीत, त्यांच्याकडून रेडिओलहरीही येतात आणि त्या भरदिवसाही टिपता येतात. त्यासाठी विद्यापीठाच्या मागच्या माळावर लोखंडी जाळीची एक मोठी तबकडी उभी होती.

सात आठवड्यांपूर्वी हेमलताबाईंनी ती एका अंधूक ताऱ्याकडे वळवली आणि तिला जोडलेल्या यंत्राच्या कागदावर बारीक ठोके उमटू लागले. सहा दिवस ठोके आले. सातव्या दिवशी पूर्ण शांतता. मग पुन्हा सहा दिवस ठोके. सुरुवातीलाच एक दिवस खात्री करून घ्यायला म्हणून त्यांनी तबकडी भलतीकडे वळवून पाहिली होती. तिथे काहीच ऐकू आलं नव्हतं. तेव्हा ठोके त्या ताऱ्याचेच, असं त्यांच्या मनाने घेतलं. ताऱ्याभोवती एखादा काळा गोळा फिरत असेल आणि दर सात दिवसांनी तो आड येत असेल, असं गणित त्यांनी मांडलं. गणित अगदी चोख जुळलं. विभागप्रमुख इनामदार सर इतके खूश झाले, की विद्यापीठाच्या विज्ञान मेळाव्यातच कुलगुरूंच्या हस्ते हा शोध जाहीर करायचं ठरलं.

मेळाव्याला सगळं गाव लोटलं. हेमलताबाई भिंतीवरच्या तक्त्यापाशी उभ्या राहून येईल त्याला समजावून सांगत होत्या. दुपारी द्वारकाबाई शेलार आल्या. विद्यापीठाच्या कुंपणाला लागूनच त्यांची पिठाची गिरणी होती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पण पुढे सरकल्या नाहीत. तक्त्यावरच्या कोऱ्या जागांवर एकेक बोट ठेवत त्या तारखा पुटपुटत राहिल्या.

"मॅडम, हे सगळे गुरुवार आहेत."

"असणारच, मावशी. दर सात दिवसांनी म्हटल्यावर वार एकच येणार."

"तसं नाही. गुरुवारी आमच्याकडे दिवसभर लाइट नसते. माझी गिरणी बंद असते."

हेमलताबाई हसल्या आणि हसता हसताच थांबल्या. वीज गेली की विद्यापीठाचा जनरेटर आपोआप सुरू व्हायचा, त्यामुळे गुरुवारी गावात वीज नसते हे त्यांच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. त्यांनी वही काढली. तबकडी भलतीकडे वळवली होती तो दिवस शोधला. गुरुवार.

म्हणजे तेव्हाही गिरणी बंदच होती. तबकडीचं तोंड आकाशाकडे, गिरणी जमिनीवर. गिरणीचा आवाज ताऱ्याचा म्हणून कसा ऐकू येईल? पण मोटार जुनी असेल, आत ठिणग्या उडत असतील, तर त्याही लहरी सोडतात, हे त्या स्वतःच दरवर्षी मुलांना शिकवत होत्या. मग जुळलेलं गणित कशाचं होतं? नसलेल्या गोळ्याचं वजनसुद्धा त्यांनी काढून ठेवलं होतं.

"मावशी, आत्ता गिरणी चालू आहे?"

"आमचे मालक आहेत ना तिथं. दळण चाललंय."

"त्यांना फोन करून पाच मिनिटं बंद ठेवायला सांगाल?"

दोघी तबकडीच्या यंत्रापाशी गेल्या आणि द्वारकाबाईंनी फोन लावला. यंत्रावरचे ठोके थांबले. पाच मिनिटांनी गिरणी सुरू झाली आणि ठोकेही सुरू झाले. हेमलताबाईंनी पुन्हा एकदा तसंच करायला लावलं. पुन्हा तेच झालं.

इनामदार सर बातमी ऐकून खुर्चीत बसले. मग हळू आवाजात म्हणाले, "कार्यक्रमाला एक तास उरलाय. आज जाहीर होऊ दे. शंका नंतर निवांत तपासता येतील. एका बाईच्या बोलण्यावर सात आठवडे पाण्यात घालणार का?"

हेमलताबाईंना सरांचं म्हणणं पटेना आणि खोडूनही काढता येईना. कदाचित गिरणीच्या ठोक्यांखाली ताऱ्याचाही एखादा ठोका असेल. कदाचित काहीच नसेल. सभागृह भरलं, पहिल्या रांगेत कुलगुरू बसले, तरी त्यांचं मन एका जागी ठरत नव्हतं. नाव पुकारलं गेलं तेव्हा त्या व्यासपीठावर गेल्या. हातातला लिहून आणलेला कागद त्यांनी वाचलाच नाही.

"मी ताऱ्याचा म्हणून सात आठवडे जो आवाज ऐकत होते," त्या म्हणाल्या, "तो शेजारच्या गिरणीचा आहे. हे मला तासाभरापूर्वी द्वारकाबाई शेलारांनी दाखवून दिलं. माझी चूक झाली."

मागून एका म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारलं, "मग त्या ताऱ्यात काहीच नाही म्हणायचं?"

"मला माहीत नाही," हेमलताबाई म्हणाल्या. "काल माहीत होतं असं वाटत होतं. आज खरंच माहीत नाही."

टाळ्या झाल्या नाहीत. कुलगुरू उठून गेले. इनामदार सर त्या दिवशी हेमलताबाईंशी धड बोलले नाहीत. हेमलताबाई घरी गेल्या त्या आपण शहाणपणा केला की वेडेपणा, हेच न उमगून.

सोमवारी त्या कामावर आल्या, तेव्हा फाटकापाशी तीन माणसं थांबली होती. एक वेल्डिंगवाला, एक सुतार आणि एक उसाच्या रसाचं दुकान चालवणारी बाई. वेल्डिंगवाला जरा संकोचून म्हणाला, "मॅडम, आमच्या मशीनचंही काही ऐकू जात असेल, तर तपासून घ्या. तुमच्या कामाच्या वेळेला बंद ठेवू. शनिवारी तुम्ही सगळ्यांसमोर खरं सांगितलंत, म्हणून आलो."

हेमलताबाईंना तारा अजून कळला नव्हता. त्यांनी फाटक उघडलं आणि तिघांना आत बोलावलं.

तात्पर्य: आपली चूक आपणच चारचौघांत सांगितली, तर त्या दिवशी मान खाली जाते, पण पुढे लोक विश्वास ठेवतात तो अशाच माणसावर.