मामीचं बरकतीचं फडकं

राग येईल अशी गोष्ट आहे बाळांनो, आला तर येऊ द्या. डोंगराखालच्या एका गावात कौतिका नावाची इवलीशी मुलगी मामीकडे राहायची. आई गेली तेव्हा एक मोरी गाय तेवढी तिच्यासाठी ठेवून गेली होती. शेण काढायचं कौतिकानं, पाणी भरायचं कौतिकानं, आणि दुधावरची साय मात्र मामीच्या वाटीत!

एके दिवशी मोरीला दगडी झाली. कास सुजून टणक झाली, दुधात गाठी येऊ लागल्या. पाठोपाठ मामीच्या कपिला गाईलाही तेच. मामीनं गल्लीभर सांगितलं, या पोरीचीच दृष्ट लागली, सोमवारच्या बाजारात मोरीला विकून टाकते. कौतिकाच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

ती परसातल्या गोकर्णीच्या वेलाखाली जाऊन बसली. तिथं निळ्याशार फुलात एक चिमुकली परी होती, दुधासारखी पांढरी, पंखांवर सात रंग चमचमणारी. ती धारेच्या फेसात राहायची. घरच नासलं होतं तिचं, म्हणून तीही फणफणत होती. ती म्हणाली, एक इच्छा माग. पण हात स्वच्छ धुऊन माग, आणि कुणाचं वाईट मागू नकोस.

कौतिकानं कोपरापर्यंत हात धुतले. "मामीच्या हातांना..." एवढंच ती म्हणाली, तर परीचा उजेड एकदम मंदावला. कौतिकानं ओठ चावला. राग काही गिळता येईना, पण मोरीचे डोळे आठवले.

"हा रोग कुठून आला, ते सगळ्यांना दिसू दे," ती म्हणाली.

संध्याकाळी धारांच्या वेळी शेजारणी दुधाला जमल्या. मामीनं खुंटीवरचं फडकं काढलं. त्या एकाच ओल्या फडक्यानं ती दोन्ही गाईंच्या कासा पुसायची, आणि धुवायची कधीच नाही. धुतलं तर म्हणे दुधाची बरकत वाहून जाते! आज त्या फडक्यावर रोगाचे सोनेरी मणी चमकू लागले, द्राक्षांच्या घोसासारखे. तेच मणी मोरीच्या कासेवर, तेच कपिलेच्या. आणि सगळ्यांत दाट कुठं? नखुरडं होऊन पिकलेल्या मामीच्या अंगठ्यावर. शेजारणी मामीकडे बघतच राहिल्या.

कौतिकानं कोमट पाण्याचं भांडं मामीपुढं धाडकन ठेवलं, पण दुखरा अंगठा अगदी अलगद त्यात धरला. फडकं चुलीवर उकळत टाकलं. कपाळावरची आठी तशीच होती.

"मामी, दृष्ट माझी नव्हती. सगळ्यांसमोर म्हण."

मामीनं मान खाली घातली. "नव्हती गं. माझाच हात होता."

तेवढ्यात परी गोठ्यात उतरली. दोन्ही गाईंच्या कासेवरून तिनं पंख फिरवले, आणि मोरीची पांढरीशुभ्र धार चरवीत वाजू लागली. फेस वर आला, लखलखला, आणि परी त्या उजेडात दिसेनाशी झाली.

मोरी कौतिकापाशीच राहिली. आणि धारेला बसण्याआधी मामी रोज दोन्ही हात कौतिकापुढं धरते, आणि तिनं नीट बघून ‘बस धारेला’ म्हणेपर्यंत उभीच राहते.