कुठला रविवार?

"...मग यातला कोणता ठेवू, भन्ते?"

प्रज्योत मेश्रामनं तिसऱ्यांदा विचारलं.

भन्ते शीलरत्न खिडकीजवळ उन्हाला बसले होते. वय अठ्ठ्याहत्तर. काचबिंदूनं नजर गेल्याला नऊ वर्षं झाली होती.

"कशातला?"

"ब्राउझर, भन्ते. तुमची पत्रं ज्यात उघडतात तो. चार आहेत. एक झपाट्यानं चालतो, पण या जुन्या कॉम्प्युटरला धाप लागते. दुसरा आपली माहिती कुणाला देत नाही, पण काही साइट त्यात धड उघडत नाहीत. तिसरा..."

"आत्ता आहे तो?"

"तो टाकाऊ आहे. चार वर्षांत एकदाही अपडेट केलेला नाही. उद्या त्यातून कुणी आत शिरलं, तर लोकांनी तुम्हाला विश्वासानं लिहिलेलं सगळं चव्हाट्यावर येईल."



"हे खरं आहे," भन्ते म्हणाले.

"मग कोणता ठेवू?"

"ज्यात पत्रं ऐकू येतील तो ठेव."

प्रज्योतला हसू आलं. त्यानं ते दाबलं. ऐकू काय, कशातही येईल...

खैरबोडीचा विहार गावाबाहेर, धानाच्या बांध्यांमध्ये, भातखाचरांत होता. एक सभागृह, दोन खोल्या, मागं सुगंधाबाईंचं स्वयंपाकघर. लांबलांबचे लोक भन्तेंना आपलं दुःख लिहून पाठवत. पूर्वी पोस्टकार्डं येत, आता मेल येई. ब्राउझरला जोडलेला एक छोटा प्रोग्राम, ज्याला प्रज्योत एक्स्टेन्शन म्हणे, तो ती पत्रं मराठीत मोठ्यानं वाची. अंधशाळेतल्या एका मास्तरांनी तो कधीकाळी तयार केला होता. त्यांच्यामागं त्याला कुणी हात लावला नव्हता.

रोज सकाळी मशीन सुरू झालं की तोच आवाज म्हणे, "नवीन आवृत्ती उपलब्ध आहे. आता अपडेट करायचं?" भन्तेंचं बोट चाचपडत 'नंतर'चं बटण गाठी.

प्रज्योतला हे सहन होत नसे. पुण्याच्या कंपनीत त्यानं अकरा वर्षं हेच काम केलं होतं. ते सोडून तो भिक्षू व्हायला, चीवर मागायला आला, तेव्हा भन्ते म्हणाले होते, "आधी तीन महिने राहा." दोन सरले होते. आपण कोणत्या कामाचे आहोत हे भन्तेंना एकदा दिसावं, असं त्याला फार वाटे.

बुधवारी दुपारी भन्ते ध्यानाला बसले आणि प्रज्योतनं अपडेट केलं.

मशीन बंद होऊन पुन्हा सुरू झालं. नवंकोरं, स्वच्छ पान आलं. कोपऱ्यात बारीक अक्षरांत एक ओळ होती : हे एक्स्टेन्शन या आवृत्तीत चालत नाही, म्हणून बंद केलं आहे.

संध्याकाळी भन्तेंनी सवयीचं बटण दाबलं.

काहीच ऐकू आलं नाही.

"प्रज्योत?"

"एक दिवस द्या, भन्ते. याहून चांगला आवाज आणतो."

"तोवर तू वाचून दाखवशील?"

"त्याची वेळच येणार नाही. उद्यापर्यंत मशीनच वाचेल."

भन्ते उठले, भिंतीला हात लावत आपल्या खोलीत गेले.

जुनी आवृत्ती परत बसवणं तासाभराचं काम होतं. प्रज्योतला ते ठाऊक होतं. पण मागं जाणं त्याच्या स्वभावात नव्हतं.

गुरुवारी त्यानं दुसरा ब्राउझर बसवला. त्यातला आवाज मराठी असं वाचे, की मराठी माणसाला कळू नये. शुक्रवारी तिसरा. त्याच्यासाठी एक गोड आवाजाचं एक्स्टेन्शन मिळालं, पण बसवताना ते परवानगी मागू लागलं... प्रत्येक पानावरचं सगळं वाचण्याची, आणि वाचलेलं बाहेर पाठवण्याची. प्रज्योतनं ते लगेच काढून टाकलं. इथं तो चुकला नाही.

शनिवारी त्यानं ठरवलं, आपणच नवं एक्स्टेन्शन लिहायचं.

तपासायला मजकूर हवा होता. न वाचलेल्या पत्रांतलं एक त्यानं उघडलं आणि त्याची सुरुवात मशीनला वाचायला लावली.

"भन्ते, वंदामि. रविवारी सकाली माझा मुलगा सुटून येतोय."

सकाली! 'ळ' येत नव्हता. त्यानं दुरुस्ती केली.

"रविवारी सकारी माझा मुलगा..."

पुन्हा.

"रविवारी सकाडी..."

रविवारचा सगळा दिवस त्या एका अक्षरात गेला. सुगंधाबाईंनी आणून ठेवलेलं ताट तो कीबोर्डशेजारीच जेवला. ती दोन वाक्यं त्यानं शंभरदा तरी ऐकली असतील. संध्याकाळी दारात भन्ते उभे राहिले.

"पत्रं आली का?"

"येतायत, भन्ते. थोडंच राहिलंय."

सोमवारी अकराच्या सुमारास मशीन म्हणालं, "रविवारी सकाळी माझा मुलगा सुटून येतोय."

स्वच्छ. जिभेवर घोळवून सोडल्यासारखा 'ळ'. प्रज्योत खुर्चीवरून उठलाच. त्यानं आवाज वाढवला आणि पुन्हा लावलं. भन्ते भिंत धरत खोलीत आले होते.

"ऐकलंत, भन्ते? 'ळ' आला!"

"पुन्हा लाव."

"भन्ते, वंदामि. रविवारी सकाळी माझा मुलगा सुटून येतोय."

भन्ते उभेच होते.

"कुठला रविवार?"

प्रज्योतनं पडद्याकडं पाहिलं. पत्रावर गुरुवारची तारीख होती.

"आज वार कोणता?"

"...सोमवार."

मागं स्वयंपाकघरात सुगंधाबाई पानं मांडत होत्या.

"पुढचं वाच," भन्ते म्हणाले.

प्रज्योतचा हात बटणाकडं गेला. भन्तेंनी चाचपडत टेबलावरचा स्पीकर शोधला आणि त्याची वायर ओढून काढली.

"तू."

प्रज्योत वाचू लागला.

"सात वर्षं झाली. भांडणात माझ्या मुनेशच्या हातून त्याचा मोठा भाऊ गेला. तेव्हा तुम्ही आमच्या घरी आला होतात. मी मुनेशला तुरुंगात एकदाही भेटायला गेले नाही. आता तो येणार. गेलेल्याची आई म्हणून दार लावून घेऊ, का..."

तो थांबला.

भन्तेंनी घाई केली नाही.

"...का उरलेल्याची आई म्हणून उघडू, ते मला कळत नाही. रविवारपर्यंत तुमच्या उत्तराची वाट पाहते. नाही आलं तर कुलूप लावून बहिणीच्या गावाला जाते. भाची हे लिहून देते आहे, उत्तर तिच्याच फोनवर येऊ द्या. तुमची, पारबता रामटेके, तेंदूटोला."

"तेंदूटोल्याची एसटी किती वाजता?"

"साडेअकरा. भन्ते, आधी उत्तर तरी पाठवू..."

"आधी चल."

सुगंधाबाई दाराशी आल्या. "भन्ते, भोजन वाढलंय. एसटीत बारा वाजतील. दुपारनंतर तुम्ही जेवत नाही, मग उद्यापर्यंत पोटात काही नाही..."

भन्तेंनी त्यांना हात जोडले आणि पायरी उतरले.

एसटीत प्रज्योत त्यांच्या शेजारी बसला. दोन थांबे गेल्यावर म्हणाला, "भन्ते, मला शिक्षा द्या. चीवर देऊ नका. परत पाठवा."

"गाव आलं की सांग."

तेंदूटोल्यात रामटेक्यांचं घर शेवटचं. दाराला कुलूप. ओट्यावर तिशीतला एक माणूस गुडघ्यांना हातांची मिठी मारून बसला होता. शेजारी कापडी पिशवी. चीवर पाहून तो धडपडत उठला.

"वंदामि, भन्ते. आई घरी नाही जी."

"केव्हाचा बसलायस, मुनेश?"

"कालच्यापासून." त्यानं भन्तेंचा हात धरून त्यांना ओट्यावर बसवलं. "कुलूप पायलं. म्हटलं, बरोबर आहे तिचं. पण दुसरीकडं जाऊ कुठं?"

"जेवलास?"

"पाणी आहे ना जी हापशीला."

प्रज्योत अंगणातच उभा होता. त्याला वाटलं, भन्ते आता बोलतील. पण भन्तेंनी चेहरा त्याच्याच दिशेनं वळवला. मुनेशही त्याच्याकडं पाहत राहिला, हा कोण म्हणून.

"दादा," प्रज्योत म्हणाला. "तुझ्या आईनं विचारलं होतं, दार उघडू का म्हणून. भन्तेंना लिहिलं होतं. ते पत्र माझ्यासमोर होतं. तीन दिवस. मी वाचलं नाही."

"वाचता येत नाही का तुम्हाला?"

तो टोमणा नव्हता. मुनेशनं खरंच विचारलं होतं.

प्रज्योतनं आपल्या पिशवीतला बिस्किटांचा पुडा काढून मुनेशच्या हातात दिला आणि ओट्यावर, त्याच्या आणि भन्तेंच्या मध्ये, बसला. मग खिशातून मोबाइल काढला. भन्तेंची मेल उघडली.

"भन्ते, काय लिहू?"

"तुझी चूक लिही."

त्यानं लिहिली. "आणि?"

"तो ओट्यावर बसलाय, हे लिही."

"लिहिलं. आणि दार उघडायचं की नाही, ते?"

भन्ते गप्प राहिले. प्रज्योतनं तेवढंच पाठवून दिलं.

दुपार उतरली. घराची सावली अंगण ओलांडून रस्त्यावर गेली. तिघं ओट्यावर बसून होते. मध्येच मुनेश म्हणाला, "भाऊ इथंच बसत होता संध्याकाळचा." एक बाई डोक्यावर सरपणाचा भारा घेऊन जाताना थबकली, भन्तेंना वाकून निघून गेली. मुनेशकडं तिनं पाहिलं नाही.

पाचच्या एसटीचा आवाज गावाच्या त्या टोकाला आला आणि थांबला.

थोड्या वेळानं वळणावर एक म्हातारी दिसली. पांढरं लुगडं, काखेत गाठोडं. ती चालत आली... घरापासून वीसेक पावलांवर उभी राहिली. कमरेची किल्ली तिनं मुठीत घट्ट धरली होती.

मुनेशनं मान खाली घातली.

म्हातारी पुढं येईना. मागंही फिरेना.

प्रज्योत भन्तेंच्या कानाशी झुकला.

"भन्ते, त्या आल्यात. तिथंच उभ्या आहेत. मी जाऊन सांगू का काही? काय सांगू त्यांना?"

भन्तेंनी रस्त्याच्या दिशेनं कान दिला. मग प्रज्योतच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"सरक थोडा. तिला बसायला जागा कर."