शेनची एकच पट्टी

चीन देशातल्या एका नदीकाठच्या गावात शेन नावाचा एक वादक राहत होता. तो एर्हू वाजवायचा. एर्हू म्हणजे मांडीवर उभे धरून गजाने वाजवायचे दोन तारांचे वाद्य. त्याला ना पडदे, ना खुणा. बोट कुठे ठेवायचे ते कानाने ठरवायचे. पट्टी बदलली की बोटांची जागाही बदलते. म्हणून शिकणाऱ्याने रोज निरनिराळ्या पट्ट्यांत सरगम घोटायची असते.

शेनला नेमका याचाच कंटाळा. एका पट्टीत त्याचा हात असा फिरे की रस्त्यावरची माणसे थबकत. दुसरी पट्टी घेतली की सूर डगमगत. मग तो लगेच आपल्या जागी परत येई.

"काल काय सांगितलं होतं?" हान गुरुजी विचारत.

"पट्टी बदलायला."

"आणि हे काय चाललंय?"

"गुरुजी, हीच गोड वाटते."

गुरुजी कपाळाला हात लावत. वर्षानुवर्षे हेच. शेवटी ते थकले. "मी दगडाला शिकवलं असतं तर निदान त्याने उलट उत्तर दिलं नसतं," असे म्हणून त्यांनी त्याला सांगणेच सोडले.

पुढे शेनचे युएलिनशी लग्न झाले. ती गायची, तो साथ करायचा. तिचा आवाज नेमका त्याच्या पट्टीतला होता. जोडीचे नाव झाले.

एका हिवाळ्यात युएलिनला खोकल्याने गाठले. खोकला गेला, पण आवाज खाली उतरला तो उतरलाच. ती म्हणाली, "थोडं खालून वाजवा. मला वरचे सूर झेपत नाहीत."

शेनने तारा सैल करून पाहिल्या. वाद्य घोगरे झाले. त्याने वैतागून तारा पुन्हा चढवल्या. "गाणं याच पट्टीत शोभतं. तूच जरा जोर लाव."

ती पुन्हा पुन्हा सांगत राहिली. तो पुन्हा पुन्हा तेच उत्तर देत राहिला.

देवळाच्या जत्रेत दोघे गायला बसले. वरच्या सुरावर युएलिनचा आवाज फाटला. ती थांबली. शेन मात्र वाजवतच राहिला आणि दात आवळून म्हणाला, "सूर धर." ती उठली आणि लोकांमधून वाट काढत घरी निघून गेली.

त्यानंतर ती त्याच्यासोबत गायली नाही. वसंतात शेजारच्या लग्नात मात्र बायकांनी आग्रह केला, तेव्हा हातात लाकडी चिपळ्या घेऊन ती एकटीच गायली. खालचा, भरदार आवाज. बायकांचे डोळे ओले झाले. शेन एर्हू घेऊन कोपऱ्यात बसला होता. त्याने गज उचलला, एक सूर लावला. तो चुकला. दुसरा लावला, तोही चुकला. त्याने गज खाली ठेवला. आपल्याच बायकोचे गाणे त्याला परक्यासारखे ऐकावे लागले.

दुसऱ्या दिवशी तो गुरुजींच्या दारात उभा राहिला.

"आता सुचलं?" गुरुजी म्हणाले. "बस. खालच्या पट्टीत सरगम. आणि तोंड बंद."

त्याची सरगम ऐकून शेजारी जेरीस आले. युएलिन तर भाजी चिरता चिरता ओरडे, "गंधार चढा लागतोय. अजून. अजूनही." तो चडफडे, पण पुन्हा सुरुवात करी.

पुढच्या हिवाळ्यात एके दुपारी तो सरगम घोटत असताना ती चुलीपाशी गुणगुणू लागली. गुणगुणण्याचे गाणे झाले. मध्येच ती दमली आणि आणखी खाली उतरली. शेनची बोटे तिच्या मागोमाग उतरली. गाणे तुटले नाही.

गाणे संपल्यावर शेन तिच्याकडे बघत राहिला. चुलीत काटकी सारत युएलिन म्हणाली, "एवढंच तर सांगत होते मी."

तात्पर्य: जो फक्त आपल्या सोयीचे तेवढेच शिकतो, तो जवळच्या माणसालाही गरजेच्या वेळी साथ देऊ शकत नाही.