चुना फासलेला दीपस्तंभ

एकदा काय झालं, समुद्राकाठच्या एका कोळीवाड्यात दवंडी पिटली, राजा येतोय! तिथे खडकावर एक जुना दीपस्तंभ होता. बोलायचा, बरं का! धुकं आलं की होड्यांना हाका मारायचा.

राजाला गाव पांढरंशुभ्र दिसावं असा पाटलाचा हुकूम सुटला. मग घरं चुन्याने रंगवली. मग देऊळ. मग दीपस्तंभ, पायापासून शेंड्यापर्यंत. दिव्याची काचसुद्धा!

गावातल्या हिरू नावाच्या पोरीचा बापूस होडी घेऊन समुद्रात गेला होता. ती तरातरा पाटलाकडे गेली.

"पाटीलबाबा, काच रंगवलीत! आता दिवा दिसणार कसा?"

"गप गं! राजा खालूनच बघणार. आणि पोरींनी दिव्यात नाक खुपसू नये."

हिरूच्या अंगाची लाही लाही झाली. बाईमाणूस दीपस्तंभावर चढलं की समुद्र कोपतो म्हणे! डोक्यावर मासळीची पाटी घेऊन बायका गावोगाव फिरतात, तेव्हा नाही कोपत?

दिवेलागणीला धुकं उतरलं. दिवा आत जळत होता आणि बाहेर काळोख. मग पाटलाने समुद्राला नारळ दिला. उजेड नाही. मग ढोल बडवले. उजेड नाही. मग गाऱ्हाणं घातलं आणि खापर फोडलं हिरूवर. "हिच्या तोंडाळपणाने समुद्र रागावला!"

"रागावू दे!" हिरू म्हणाली. तिने कोकमाच्या आंबट आगळाची कळशी उचलली, काथ्याचा बोळा घेतला आणि धाडधाड जिना चढली.

वर दीपस्तंभ रडत होता. "हिरू, डोळ्यांत चुना गेलाय गं माझ्या! तुझा बापूस दिसत नाही!"

हिरूने आगळ ओतलं. चुना फसफसला. घास घास घासलं, तेव्हा उजेड लांबवर धावला. दीपस्तंभ गरजला, "होऽऽ! खडकापासून लांब व्हा!"

होड्या वळल्या. बापूस काठाला लागला. आणि समुद्र? हूं की चूं नाही!

सकाळी राजा आला. पांढऱ्या चुन्यावर आगळाचे लाल ओघळ बघून त्याने विचारलं, "हे काय?"

"महाराज, या पोरीने—" पाटील पुढे सरसावला.

"या पोरीने गाव वाचवलं!" दीपस्तंभ वरून ओरडला. पाटलाची मान खाली गेली.

राजाने पाटलाच्याच हाती फडकं दिलं. तेव्हापासून आजपर्यंत, तिथे फिरायला जाणारी बाई असो की बुवा, वर चढून काच पुसल्याशिवाय खाली उतरत नाही.

हिरू सुखात राहिली, बापूस सुखात राहिला, गावही. चला, आता डोळे मिटा. जिना चढू नको असं कुणी म्हणालंच, तर सकाळी उठून भांडू.